दारू सोडताना आधारगट: तो कसा शोधावा आणि तिथे नेमके काय होते

दारूच्या त्रासामुळे डॉक्टरांकडे गेलेल्या माणसाला तपासण्या, गोळ्या आणि पथ्य यांच्या जोडीला एक वाक्य बहुतेक वेळा ऐकायला मिळते: "एखाद्या आधारगटात जाऊन पाहा." गोळी कधी घ्यायची हे चिठ्ठीवर लिहिलेले असते, पण या सल्ल्याचे पुढे काय करायचे हे सहसा कोणी सांगत नाही. तिथे कोण असते, पैसे द्यावे लागतात का, नाव सांगावे लागते का, आणि अनोळखी लोकांत बसून नुसते बोलल्याने दारू सुटते ती कशी, असे प्रश्न मनात घेऊन माणूस घरी येतो आणि सांगितलेल्यापैकी तेवढी एक गोष्ट सोडून बाकी सगळे पाळतो.

असे प्रश्न पडणारे लोक थोडे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे २६ लाख मृत्यू दारूमुळे झाले, आणि १५ वर्षांवरील सुमारे ४० कोटी लोकांना दारूशी संबंधित विकार होता. त्यांपैकी जवळपास २१ कोटी लोक दारूवर अवलंबून होते, म्हणजे पिणे थांबवावेसे वाटूनही त्यांना ते थांबवता येत नव्हते. या अवस्थेला मराठीत मद्यपाश म्हणतात आणि तो शब्द फार अचूक आहे, कारण पाश बाहेरून दिसत नाही आणि सुटायचा प्रयत्न केला की अधिक आवळतो.

आधारगट म्हणजे काय आणि काय नाही

एकाच प्रकारच्या अडचणीतून जाणारी किंवा गेलेली माणसे ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी एकत्र बसतात आणि आपापला अनुभव सांगतात, याला आधारगट म्हणतात. तिथे उपचार होत नाहीत, औषध दिले जात नाही, कोणी कोणाला तपासत नाही, आणि बहुतेक गटांत कोणी पगारी नसते. समुपदेशकाने चालवलेली गटचिकित्सा निराळी आणि दाखल होऊन राहायचे व्यसनमुक्ती केंद्रही निराळे. या दोन्ही ठिकाणांहून आधारगटात जाण्याचा सल्ला दिला जातो, म्हणून लोकांच्या मनात या तिन्हींची सरमिसळ होते.

मग डॉक्टरांना जे जमत नाही ते गटाला कसे जमते? नकाशा काढणाऱ्याला पूर्ण रस्ता ठाऊक असतो, पण काल रात्री अंधारात त्याच रस्त्याने आलेल्या माणसाला खड्डा कुठे आहे हे ठाऊक असते. प्रवाशाला दोघेही लागतात. यकृतावर काय परिणाम झाला आहे हे डॉक्टर सांगू शकतात, पण संध्याकाळी सात वाजता तलफ आली तेव्हा काय केले हे ज्याने तो सात वाजताचा तास काढला आहे तोच सांगू शकतो. ऐकणाऱ्यावर त्याचा होणारा परिणामही वेगळा असतो, कारण समोरचा उपदेश करत नसतो, स्वतःची हकिकत सांगत असतो.

१९३५ मधला एक फोन

आजच्या बहुतेक गटांचे मूळ एका घटनेत आहे, आणि ती समजून घेतली की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते. मे १९३५ मध्ये बिल विल्सन नावाचे न्यूयॉर्कच्या शेअर व्यवहारांतले गृहस्थ कामानिमित्त अमेरिकेतील अ‍ॅक्रन या शहरात आले होते. त्यांना दारू सोडून जेमतेम पाच महिने झाले होते. ज्या व्यवहारासाठी ते आले तो फिसकटला, आणि हॉटेलच्या दर्शनी दालनात एकटे उभे असताना पलीकडच्या बारमधला आवाज त्यांना ऐकू येऊ लागला. त्यांनी बारकडे न जाता चर्चच्या यादीतले क्रमांक फिरवायला सुरुवात केली. त्यांना कोणाची मदत घ्यायची नव्हती; ज्याच्याशी बोलता येईल असा दुसरा एखादा मद्यपी ते शोधत होते. त्या फोनाफोनीतून त्यांची गाठ बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी पडली. डॉक्टरसाहेब पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ द्यायला तयार नव्हते, पण ती भेट कित्येक तास चालली. १० जून १९३५ हा डॉ. स्मिथ यांच्या शेवटच्या घोटाचा दिवस आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो.

या हकिकतीतला महत्त्वाचा भाग सहज नजरेतून सुटतो. त्या दिवशी फोन करणारा माणूस दुसऱ्याला वाचवायला निघाला नव्हता, तर स्वतः पिऊ नये म्हणून दुसऱ्याशी बोलू पाहत होता. आधारगटाची सगळी रचना या उलट्या वाटणाऱ्या तर्कावर उभी आहे: ऐकणाऱ्याला जितका फायदा होतो तितकाच, कदाचित थोडा जास्तच, सांगणाऱ्याला होतो. म्हणून "माझ्या रडगाण्याने मी त्यांचा वेळ का खावा" हा नव्या माणसाचा संकोच अनाठायी असतो. नवा माणूस आलाच नाही तर जुन्यांनी बोलायचे कोणाशी?

त्याआधी एक धोक्याची सूचना

गट शोधण्याच्या उत्साहात "आजपासून एकदम बंद" असे ठरवून मोकळे होणे रोज भरपूर पिणाऱ्या माणसासाठी जिवावर बेतू शकते. समजा, एखादा माणूस रात्रंदिवस तुमचे दार बाहेरून रेटत आहे. दार उघडू नये म्हणून तुम्हीही आतून तितक्याच जोराने ते ढकलून धरता. आता बाहेरचा माणूस एकाएकी बाजूला झाला, तर तुम्हीच तोंडघशी पडता. दारू मेंदूला मंद करत राहते आणि तिला तोंड देण्यासाठी मेंदू स्वतःला सतत उत्तेजित ठेवायला शिकतो. दारू अचानक थांबली की ती उत्तेजना मोकाट सुटते. त्यालाच विड्रॉवल म्हणतात.

काही तासांतच हात कापू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या ४८ तासांत फिट येते, आणि थोड्या लोकांमध्ये साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम, भास आणि तीव्र अस्वस्थता निर्माण होते. या शेवटच्या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर मृत्यू येऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हा काळ औषधे देऊन सुरक्षितपणे पार करता येतो, आणि त्याच वेळी ब-१ या जीवनसत्त्वाची कमतरताही भरून काढली जाते, कारण तिच्याकडे दुर्लक्ष झाले तर स्मरणशक्तीचे कायमचे नुकसान होऊ शकते. यापूर्वी दारू थांबवल्यावर ज्यांना कंप, फिट किंवा भास झाले आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांना भेटावे. बैठक दुसऱ्या दिवशीही असते.

"माझी अवस्था काही इतकी वाईट नाही"

हा आक्षेप बहुतेकांचा पहिला असतो आणि तो सर्वस्वी खोटाही नसतो, कारण पिणारा प्रत्येक माणूस मद्यपाशात अडकलेला नसतो. अंदाज बांधण्याऐवजी मोजून पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली ऑडिट नावाची १० प्रश्नांची चाचणी आहे. किती वेळा पिता, एका वेळी किती पिता, सुरुवात केल्यावर थांबता येते का, सकाळी उठल्याबरोबर प्यावी लागते का, आदल्या रात्रीचे आठवत नाही असे होते का, अशा प्रश्नांना गुण असतात आणि त्यांची बेरीज ० ते ४० यांमध्ये येते. बेरीज ८ किंवा अधिक आली तर पिणे धोक्याच्या पातळीवर आहे असे समजतात, आणि २० किंवा अधिक आली तर तज्ज्ञाकडून पूर्ण तपासणी करून घ्यावी असे सांगतात. ही चाचणी निदान करत नाही. ताप मोजल्याने आजार कळत नाही, पण डॉक्टरांकडे जायचे की नाही हे कळते, तसेच हे.

शिवाय गटात बसण्यासाठी कोणतीही पातळी गाठावी लागत नाही. एएच्या नियमानुसार सदस्यत्वाची एकमेव अट पिणे थांबवण्याची इच्छा ही आहे. नोकरी, घर, तब्येत, सगळे हातून गेल्यावरच तिथे जायचे असते ही समजूत कुठून आली कोण जाणे. आग घरभर पसरेपर्यंत बंब बोलवायचा नाही असे कोणी ठरवत नाही.

गट शोधायचा कसा

एएचे गट सुमारे १८० देशांत आहेत, त्यामुळे शोधाची सुरुवात बहुधा तिथूनच होते. संघटनेच्या संकेतस्थळावर त्या त्या भागातल्या बैठकांचे दिवस, वेळा आणि मदतीचा दूरध्वनी क्रमांक दिलेला असतो. सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग, व्यसनमुक्ती केंद्र आणि कुटुंबाचे डॉक्टर यांच्याकडेही ही माहिती असते. यादीत वेळ दिसली तरी जाण्याआधी फोन करून खात्री करावी, कारण जागा आणि वेळा बदलत असतात.

यादी वाचताना दोन शब्द समजून घ्यावेत. खुल्या बैठकीला कोणीही जाऊ शकते: नातेवाईक, विद्यार्थी, नुसते कुतूहल असलेले लोक. बंद बैठक मात्र ज्यांना स्वतःला दारू सोडायची आहे त्यांच्यापुरती असते. ज्याला आधी मागच्या खुर्चीवर बसून अंदाज घ्यायचा आहे त्याने खुली बैठक निवडावी. काही ठिकाणी फक्त स्त्रियांच्या, तरुणांच्या किंवा एखाद्या भाषेच्या बैठकाही असतात.

एए हा एकच मार्ग नाही, हेही लोकांना माहीत नसते. १९९४ मध्ये सुरू झालेल्या स्मार्ट रिकव्हरी या संघटनेचा भर विचार आणि वर्तन बदलण्याच्या तंत्रांवर आहे. तिथे प्रशिक्षित व्यक्ती बैठक चालवते, सदस्य एकमेकांशी थेट चर्चा करतात, आणि तलफ आली की काय करायचे याचा सराव करतात. १९७५ मध्ये खास स्त्रियांसाठी विमेन फॉर सोब्रायटी ही संघटना निघाली. लाइफरिंग धर्माशी संबंध न ठेवता चालते, तर रिकव्हरी धर्म बौद्ध ध्यानपरंपरेचा आधार घेते. जवळपास यांतले काहीच नसेल तर ऑनलाइन बैठका असतात. कॅमेरा बंद ठेवून नुसते ऐकलेले बहुतेक ठिकाणी चालते. तरीही प्रत्यक्ष जाणे शक्य असेल तर माझा कल तिकडेच आहे, कारण बैठकीनंतर दाराशी रेंगाळत होणारे बोलणे ऑनलाइन होत नाही आणि नव्या माणसाच्या खऱ्या ओळखी त्याच वेळी होतात.

आता १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा प्रयोगाकडे पाहू. त्यात जेमतेम २० लोक होते. निम्म्यांना नेहमीप्रमाणे गटाची माहिती, पत्ता आणि वेळ देऊन जाण्याचा सल्ला दिला गेला. उरलेल्या निम्म्यांसमोर समुपदेशकाने तिथल्या तिथे गटातल्या एका सदस्याला फोन लावला, दोघांचे बोलणे करून दिले, आणि त्या सदस्याने "मी तुम्हाला बरोबर घेऊन जातो" असे सांगितले. दुसऱ्या गटातले सगळे बैठकीला गेले. पहिल्यातला एकही गेला नाही. इतक्या थोड्या लोकांवरून मोठे निष्कर्ष काढू नयेत हे खरे, पण ज्याने कधी खिशात पत्ता ठेवून दिवसेंदिवस टाळाटाळ केली आहे त्याला या निकालाचे आश्चर्य वाटणार नाही. म्हणून मदतीच्या क्रमांकावर फोन केला की फक्त वेळ विचारून ठेवून देऊ नये. "मी पहिल्यांदाच येतो आहे, दाराशी कोणी भेटेल का?" एवढे विचारावे. ही विनंती त्यांना नवी नसते.

पहिल्या बैठकीत काय होते

बैठक साधारण तास-दीड तास चालते. जागा बहुधा कोणाची तरी भाड्याने किंवा उसनी घेतलेली असते: शाळेचा वर्ग, रुग्णालयातली खोली, प्रार्थनास्थळाचे सभागृह. चर्चमध्ये बैठक आहे म्हणून गट चर्चचा आहे असे समजू नये. सुरुवातीला गटाचा उद्देश वाचून दाखवतात. मग एक-दोन जण सविस्तर आणि बाकीचे थोडक्यात बोलतात. बोलणारा आधी पहिले नाव सांगतो, आणि एएमध्ये "मी मद्यपी आहे" असेही म्हणण्याची रीत आहे. नव्या माणसाने हे म्हटलेच पाहिजे असे नाही. "मी आज फक्त ऐकणार आहे" हे उत्तर पूर्ण आहे आणि त्यावर कोणी काही विचारत नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्याला दोन गोष्टी विचित्र वाटतात. एक म्हणजे कोणी बोलत असताना मधे कोणी बोलत नाही, आणि बोलून झाल्यावर सल्लाही देत नाही. घरी रोज सल्ले ऐकणाऱ्या माणसाला ही शांतता सुरुवातीला अवघडवते. काही दिवसांनी तिच्यासाठीच तो येऊ लागतो. दुसरी म्हणजे हसणे. भयंकर वाटणारी हकिकत सांगताना सांगणारा हसतो आणि बाकीचेही हसतात. ती टवाळी नसते. बाटली लपवण्याच्या जागा प्रत्येकाने शोधलेल्या असतात, आणि आपलीच युक्ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की हसू येते.

प्रवेशशुल्क नसते. शेवटी एक डबा फिरवतात, त्यात ज्याला जमेल त्याने टाकावे, आणि नव्या माणसाने टाकले नाही तरी चालते. बाहेरच्यांकडून देणग्या घ्यायच्या नाहीत आणि गटाचा खर्च सदस्यांनीच उचलायचा, हे तत्त्व एएने १९५० मध्ये स्वीकारलेल्या बारा परंपरांपैकी एक आहे.

स्पॉन्सर हा शब्दही कानावर पडेल. स्वतः बराच काळ न पिता राहिलेला आणि नव्या सदस्याला वेळीअवेळी फोन करता येईल असा अनुभवी सदस्य, असा त्याचा अर्थ आहे; पैशाशी त्याचा संबंध नाही. पुरुषाने पुरुष आणि स्त्रीने स्त्री स्पॉन्सर निवडावा असे साधारणपणे सुचवतात, आणि त्यामागे शहाणपण आहे, कारण नवा माणूस हळवा असतो आणि त्याचा गैरफायदा घेणारे कुठेही असू शकतात. गटात काही साधू-संत जमत नाहीत. कोणी उसने पैसे मागितले, एकट्यानेच भेटण्याचा आग्रह धरला किंवा डॉक्टरांची औषधे बंद करायला सांगितले, तर तो गट सोडून दुसरा धरावा आणि त्यात अपराधी वाटून घेऊ नये.

औषधांबद्दल थोडे स्पष्ट सांगायला हवे. नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही औषधे पुन्हा पिण्याची शक्यता कमी करतात. डायसल्फिराम घेतलेल्या माणसाने दारू प्यायल्यास त्याला तीव्र त्रास होतो. ही औषधे आणि आधारगट एकमेकांच्या विरोधात नाहीत. "गोळी घेतोस म्हणजे तू खरा सोबर नाहीस" असे म्हणणारा एखादा जुना सदस्य भेटतो, पण एएच्याच पुस्तिकेत कोणत्याही सदस्याने डॉक्टरची भूमिका घेऊ नये असे बजावलेले आहे. घरच्यांनी डायसल्फिराम न सांगता खाण्यातून देणे मात्र अत्यंत धोकादायक आहे.

"पण मी देव मानत नाही"

एएच्या बारा पायऱ्यांमध्ये देवाचा उल्लेख येतो हे खरे आहे. या पायऱ्या म्हणजे आपल्या हतबलतेची कबुली, स्वतःच्या चुकांची उजळणी, ज्यांना दुखावले त्यांची भरपाई आणि शेवटी इतरांना मदत, असा क्रम आहे. १९३९ मध्ये त्या छापल्या गेल्या तेव्हाच नास्तिक सदस्यांच्या आग्रहामुळे "आम्हाला जसा उमगला तसा" अशी शब्दरचना देवाच्या उल्लेखाला जोडली गेली. अनेक सदस्य त्या जागी निसर्ग, सद्सद्विवेक किंवा सरळ आपला गट असा अर्थ घेतात.

एवढ्याने सर्वांचे समाधान होईल असे मी म्हणणार नाही. काही गटांत प्रार्थनेवर इतका भर असतो की न मानणाऱ्याला परके वाटते, आणि ती भावना खोटी नाही. अशा वेळी निरीश्वरवाद्यांसाठी चालणाऱ्या एएच्याच बैठका किंवा वर सांगितलेल्या इतर संघटना आहेत. एका गटाचे वातावरण दुसऱ्याला लागू पडत नाही, म्हणून निदान तीन-चार वेगवेगळ्या बैठका पाहिल्याशिवाय "हे माझ्यासाठी नाही" असे ठरवू नये. पहिला दाखवलेला चश्मा डोळ्याला बसला नाही म्हणून कोणी वाचणे सोडत नाही.

"तिथे कोणी ओळखीचे भेटले तर?"

भेटू शकते. आडनाव न सांगण्याची आणि ऐकलेले बाहेर न नेण्याची रीत असली, तरी तिला डॉक्टर किंवा वकिलाच्या गोपनीयतेसारखे कायद्याचे संरक्षण नसते, हे लक्षात ठेवावे. म्हणून ज्या गोष्टीचे कायदेशीर परिणाम होऊ शकतात ती सर्वांसमोर न सांगता वकिलाशी किंवा समुपदेशकाशी बोलावी. बाकी भीतीबद्दल एवढेच, की जो तुम्हाला तिथे पाहतो तो स्वतःही तिथेच बसलेला असतो. आणि रस्त्यात झोकांड्या जाताना ओळखीच्यांनी पाहिले त्याची धास्ती न घेतलेला माणूस सोडायला गेल्याचे कोणाला कळेल म्हणून घाबरतो, हा व्यसनाचाच एक युक्तिवाद आहे.

याचा उपयोग होतो याला पुरावा काय

वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये २७ अभ्यास आणि १०,५६५ लोकांचा आढावा प्रसिद्ध केला. एए आणि एएशी रुग्णाला पद्धतशीर जोडून देणारे उपचार घेतलेल्यांपैकी एका वर्षानंतर सुमारे ४२ टक्के लोक दारूपासून पूर्ण दूर होते, तर इतर मान्य उपचारपद्धती घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे ३५ टक्के होते. ते दुसऱ्या बाजूने वाचले तर निम्म्याहून अधिक लोक दोन्हीकडे वर्षभरात कधी ना कधी प्यायले, म्हणजे ही जादूची कांडी नाही. पण तुलना उपचार न घेणाऱ्यांशी नव्हती, चांगल्या समजल्या जाणाऱ्या उपचारांशी होती, हे ध्यानात घ्यावे.

कारणे शोधणाऱ्या संशोधनात दोन गोष्टी ठळक दिसतात: गटात जाणाऱ्याच्या ओळखीत पिणाऱ्यांची संख्या घटून न पिणाऱ्यांची वाढते, आणि मोहाच्या प्रसंगी आपण न पिता राहू शकतो हा त्याचा विश्वास वाढतो. पहिली गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. दारू सोडणाऱ्याच्या हातून फक्त पेला जात नाही, संध्याकाळ आणि त्या संध्याकाळची माणसे जातात. ती जागा रिकामी ठेवून निश्चयाच्या बळावर किती दिवस काढता येतील? एकट्याने सोडणारे लोक असतात, आणि त्यांनी तसे केल्याबद्दल कोणाला तक्रार असण्याचे कारण नाही. पण ज्याचा एकट्याचा प्रयत्न तीनदा फसला आहे त्याने चौथ्यांदा तोच प्रयोग करावा यात हशील नाही.

पुन्हा प्यायलो तर

गटाच्या बोलीत याला स्लिप म्हणतात. स्लिप झालेल्या माणसाला काढून टाकत नाहीत. त्याने परत यावे हीच अपेक्षा असते. अडचण अशी की नेमक्या त्याच वेळी शरमेने पाय मागे येतात आणि "आता कोणत्या तोंडाने जाऊ" हा विचार एका पेल्याचे रूपांतर आठवड्यात करतो. म्हणूनच स्लिप होण्याआधी, डोके शांत असताना, तसे झाल्यास कोणाला फोन करायचा ते नाव ठरवून ठेवावे. शरीराची सहनशक्ती काही काळाच्या खंडानंतर कमी झालेली असते, त्यामुळे पूर्वीइतके प्यायल्यास विषबाधेचा धोका अधिक असतो. रोज पिणे पुन्हा सुरू झाले असेल तर थांबवताना विड्रॉवलचा धोकाही परत येतो, आणि डॉक्टरांना विचारणे पुन्हा गरजेचे होते.

घरच्यांनी काय करावे

ओढून नेलेला माणूस पहिल्या बैठकीला बसतो, दुसरीला बहुधा येत नाही. त्यापेक्षा तो शुद्धीत आणि शांत असताना ठोस आणि लहान प्रस्ताव ठेवावा: "या आठवड्यात एक खुली बैठक आहे, मी बरोबर येते, आवडले नाही तर परत येऊ." त्याने नाही म्हटले तरी घरच्यांना स्वतःसाठी जाता येते. पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन ही वेगळी संघटना १९५१ पासून आणि किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन १९५७ पासून आहे. तिथे पिणाऱ्याला कसे सुधारावे हे शिकवत नाहीत. त्याच्या पिण्याभोवती फिरणारे आपले आयुष्य पुन्हा आपल्या हाती कसे घ्यावे, हा तिथला विषय असतो.

किती दिवस जायचे

काही गट पहिल्या ९० दिवसांत ९० बैठका सुचवतात. हा नियम नाही, आणि रोज जाणे जमत नाही म्हणून अजिबात न जाणे हे त्याचे उत्तर नाही. पहिल्या काही महिन्यांत जितके वारंवार जाता येईल तितके जावे, एवढाच त्याचा अर्थ. पुढे आठवड्यातून एक-दोन बैठकांवर बरेच जण स्थिरावतात, काही थांबतात, काही वीस वर्षांनीही येत असतात. "म्हणजे दारूऐवजी गटाचे व्यसन" असा टोमणा त्यांना ऐकावा लागतो, पण आठवड्यातला एक तास देऊन कोणाचे यकृत किंवा घर गेल्याचे ऐकिवात नाही.

जुने सदस्य नव्याला पहिल्याच महिन्यात एखादे बारीकसे काम देतात, आणि ते का देतात हे त्याला बरेच दिवस कळत नाही. समजा, खोलीची किल्ली त्याच्याकडे दिली. आता इतरांच्या आधी पंधरा मिनिटे पोहोचून कुलूप उघडायचे आणि खुर्च्या मांडायच्या हे त्याचे काम झाले. ज्या संध्याकाळी त्याला जावेसे वाटत नाही, म्हणजे ज्या संध्याकाळी जाणे सर्वांत गरजेचे असते, त्या संध्याकाळीही तो निघतो, कारण बाहेर दहा माणसे कुलपासमोर ताटकळत उभी राहतील.